लाटण्यावर चालणारं यान

आमच्या घरात तीन किरणबंदुका, दोन मनगटी रेडिओ, एका यंत्रमानवाचा उजवा हात आणि एका अवकाशयानाचं कंट्रोल पॅनेल होतं. घर म्हणजे मुलुंडचा दोन खोल्यांचा फ्लॅट आणि माणसं दोनच, मी आणि आई. पाहुणे आले की आई आधी चहाचं विचारते आणि लगेच खुलासा करते की हे सगळं खोटं आहे, घाबरू नका, मुलीला नाद आहे. गॅसचा सिलिंडर आणणाऱ्या माणसाला एकदा सोफ्याखालून बाहेर आलेला यंत्रमानवाचा हात दिसला होता आणि तो सिलिंडर दारातच ठेवून जिना उतरला होता. तेव्हापासून हा खुलासा सुरू झाला.

नाद आहे हे खरंच. माझ्या लहानपणी टीव्हीवर अवकाशयानांच्या, परग्रहांच्या मालिका लागायच्या. त्यांचं शूटिंग इथेच अंधेरी-गोरेगावकडे व्हायचं, आणि मालिका संपली की सामान मालाडच्या एखाद्या गोदामात जाऊन पडायचं. गोदाम रिकामं करायची वेळ आली की मालक मला फोन करतात, कारण असलं भंगार हौसेने उचलणारी बाई मुंबईत मी एकटीच असावी. काही लोक अशा वस्तू काचेच्या कपाटात ठेवतात. मला ते जमत नाही. मी लिफ्टची कंट्रोल पॅनेलं दुरुस्त करते, वीस वर्षं तेच करते आहे, आणि बंद झाकण समोर दिसलं की माझा हात आपोआप स्क्रूड्रायव्हरकडे जातो. वस्तू आणायची, उघडायची, आत काय आहे ते वहीत काढायचं, बंद पडलेलं चालू करायचं, यात माझे सगळे रविवार जातात आणि मला त्याबद्दल काडीचं दुःख नाही.

आत काय काय निघतं! ज्या बंदुकीने सेनापतीने अख्खा ग्रह बेचिराख केला होता, ती केस वाळवायच्या यंत्रात सायकलचा दिवा बसवून केलेली होती. मनगटी रेडिओ म्हणजे प्रवासातली साबणदाणी, वर कॅल्क्युलेटरची बटणं, आत फक्त एक सेल आणि एक लाल बल्ब. यंत्रमानवाच्या तळहातातली जाळी चकलीच्या सोऱ्यातली होती. ती पाहून आईला त्या यंत्रमानवाबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली. मला या माणसांचं फार कौतुक वाटतं. हाताशी काही नसताना त्यांनी आम्हा पोरांना चंद्राच्या पलीकडे नेऊन आणलं होतं.

पण पॅनेलची गोष्ट वेगळी होती. ते ज्या यानातलं होतं, त्याची मालिका रविवारी सकाळी लागायची आणि तेवढा वेळ आमची गल्ली ओस पडायची. यान उडायच्या आधी कॅमेरा या पॅनेलवर यायचा. बारा दिवे आधी सावकाश, मग भराभर, मग वेड लागल्यासारखे लुकलुकायचे, अचानक सगळे एकदम विझायचे आणि यान उडायचं. सोमवारी वर्गात आम्ही तेच बाकावर बोटांनी वाजवायचो. सावकाश, मग जलद, मग आणखी जलद, आणि शेवटी सगळ्यांची एकदम मांडीवर थाप. बाईंनी आम्हाला या थापेसाठी वर्गाबाहेर उभं केलेलं मला पक्कं आठवतं. थाप आठवत होती, पण तिच्या आधी बोटं नेमकी काय वाजवायची ते मात्र साफ पुसलं गेलं होतं.

ते पॅनेल मालाडच्या गोदामात एका प्लास्टरच्या सिंहासनामागे सापडलं तेव्हा मी सिंहासनावरच मटकन बसले. गोदामाचा मालक म्हणाला, मॅडम, पाणी आणू का?

घरी आणून उघडलं. आतल्या सगळ्या वायरी तांब्यासाठी कोणीतरी आधीच ओरबाडून नेल्या होत्या. राहिलं होतं ते असं: पुढच्या फळीत बसवलेले टॉर्चचे बारा बल्ब, दारावरच्या घंटीला लावतात तसला एक छोटा ट्रान्सफॉर्मर, टेपरेकॉर्डरची मोटर, पंख्याचा रेग्युलेटर आणि मधोमध एक मोठा हिरवा सर्किट बोर्ड, चाळीसेक चिप बसवलेला. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. दिव्यांचा खेळ या बोर्डातूनच होत असणार. पॅनेल म्हणजे माझं माहेर, त्यामुळे मला शंका अशी आलीच नाही. मी तीन आठवडे त्या बोर्डाचा एकेक धागा शोधत बसले. आकृत्यांनी अर्धी वही भरली.

बोर्डाच्या मागे आणखी एक वस्तू होती. एक लाटणं. साधं पोळ्यांचं लाटणं, त्याला पितळी पत्रा गुंडाळलेला, पत्रा काळा पडलेला आणि त्यावर आणखी काळपट ठिपके. ते दोन खाचांत आडवं ठेवलं होतं आणि बारा लवचीक पत्र्या, म्हणजे धातूच्या अरुंद पट्ट्या, एका रांगेत त्याच्यावर टेकल्या होत्या. खाली नाडीचा एक कुजका तुकडा पडला होता. मी असा निष्कर्ष काढला की बोर्ड खडखडू नये म्हणून कोणीतरी मागे लाटणं अडकवलंय, पत्र्या त्याला दाबून धरायला आहेत, आणि ठिपके ही झुरळांची घाण आहे. वीस वर्षांचा अनुभव असला की माणूस किती आत्मविश्वासाने चुकू शकतो बघा. चहा करायला उठले तेव्हा लाटणं हातात होतं, ते मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलं आणि विसरून गेले.

तीन आठवड्यांनी मला कळलं की तो हिरवा बोर्ड कुठल्याशा मोठ्या टीव्हीचा आहे आणि त्याला पॅनेलमध्ये काहीही काम नाही. एकही वायर त्याला कधी जोडलेलीच नव्हती, वायर सोल्डर केल्याची एक खूणही नव्हती. नुसता कॅमेऱ्याला दिसायला ठेवलेला. मी इतकी चिडले की वही भिरकावली. ती झाकणावर आपटली आणि झाकणाच्या आत पाचर म्हणून घडी घालून खोचलेला एक कागद खाली पडला. डबलबारी भजनाच्या सामन्याची छापील पत्रिका होती, घाटकोपरच्या एका चाळीतल्या मंडळाची.

त्याच शनिवारी मी घाटकोपर गाठलं. चाळीच्या जागी बावीस मजली टॉवर उभा होता. गेटवर सोसायटीचे चेअरमन भेटले, माझ्याच वयाचे, गुळगुळीत दाढीचे, हसरे. जुन्या भजन मंडळातलं कोणी राहतं का आणि त्यांच्यापैकी कोणी टीव्हीसाठी काम केलं होतं का, असं मी विचारलं. त्यांचं हसू थोडं लांबलं. "म्हणजे यानवाल्या काकांकडे खरंच कोणीतरी आलं?" ते म्हणाले, आणि लिफ्टपर्यंत सोडायला आले.

काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, अंगाने काटक, पायजमा आणि बनियनवर. माझ्या मोबाइलवर पॅनेलचा फोटो पाहिल्यावर त्यांनी तो डोळ्यांच्या अगदी जवळ नेला, आणि पहिला प्रश्न विचारला तो असा.

"लाटणा जाग्यार आसा मां, गो बाय?"

मी म्हटलं, आहे, घरी आहे. लाटण्याचं एवढं काय, ते कळलं ते नंतर, ते समजावून सांगू लागले तेव्हा.

काका मिलमध्ये मागावर होते. लुगड्याच्या काठाची नक्षी तिथे लाकडी पट्ट्यांवरच्या खुंट्या ठरवायच्या. जिथे खुंटी तिथे धागा उचलला जायचा, जिथे नाही तिथे खाली राहायचा. मिल बंद झाल्यावर त्यांनी गणपतीच्या मखराचं लायटिंग करायला घेतलं आणि खुंट्यांची तीच युक्ती दिव्यांना लावली. लाटण्यावर पितळी पत्रा, पत्र्यावर बारा पत्र्या, प्रत्येक पत्रीला एक दिवा. मोटर परकराच्या नाडीने लाटणं फिरवणार. पितळ उघडं तिथे दिवा पेटणार, नेलपॉलिशचा ठिपका तिथे विझणार. मखर पाहून सेटवाल्याने त्यांना अंधेरीला नेलं. यानाचं पॅनेल त्यांनी चाळीच्या गॅलरीत आठ दिवसांत केलं. शूटिंगच्या वेळी रेग्युलेटर हातात धरून पॅनेलमागे उकिडवे तेच बसायचे.

मालिकेच्या शेवटी नावं यायची त्यांत त्यांचं नाव कधी आलं नाही. ज्यांनी गॅलरीतलं काम पाहिलं ते शेजारी चाळ पाडली तेव्हा चारी दिशांना गेले. बायको गेली. मुलगा त्या काळात गावी आजीकडे होता, त्याने काही पाहिलं नव्हतं. आता या टॉवरमध्ये त्यांच्या बोलण्याला साक्षीदार असा एकही नव्हता, आणि चेअरमन लिफ्टमध्ये दर वेळी विचारायचे की काका, आज यान कुठे पार्क केलंय. लिफ्टमधली माणसं हसायची. काकाही हसायचे. पण मला हे सांगताना ते हसले नाहीत.

पुढच्या महिन्यात सोसायटीची सत्यनारायणाची पूजा होती. काकांनी माझ्यादेखत चेअरमनना फोन लावला आणि सांगितलं की पूजेच्या दिवशी यान हॉलमध्ये येणार. चेअरमन काय म्हणाले ते स्पीकरवर मलाही ऐकू आलं. "आणा ना काका, पण दिवे लागले पाहिजेत हां."

मी रिक्षाने घरी परत येताना उडतच होते. कोडं सुटलं होतं, कोड्याचा कर्ता सापडला होता, आणि लाटणं ओट्यावर सुखरूप होतं. दार उघडून सरळ स्वयंपाकघरात गेले.

पाडवा चार दिवसांवर आला होता. पाडव्याआधी आमच्या घरातलं सगळं पितळ घासून निघतं. समई, तांब्या, निरांजन, देवांचं ताम्हन. काळं पितळ दिसलं की आईचा हात शिवशिवतो. ओट्यावर टॉवेल पसरून सगळी भांडी निथळत ठेवली होती आणि त्यांच्यात, समईच्या शेजारी, लाटणं होतं. सोन्यासारखं लखलखत होतं. त्यावर एक ठिपका शिल्लक नव्हता.

"चिंचेने निघेना," आई म्हणाली, "मग तारेच्या घासणीने काढलं. कसलं चिकट होतं गं ते."

मी जमिनीवर बसले. ओरडायचं होतं, पण कोणावर? लाटणं ओट्यावर ठेवणारी मी. मी आईला सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन पदराला हात पुसत उभी राहिली.

पुढचे पंधरा दिवस मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. मी काकांना कळवलंच नाही. उलट एक बोटाच्या पेराएवढी नवी चिप आणली, बारा दिव्यांना जोडली आणि संगणकावरून तिच्यात दिव्यांचा खेळ भरला. आधी डावीकडून उजवीकडे, मग उजवीकडून डावीकडे, मग एकाआड एक. लाटणं मागे नुसतं फिरत ठेवायचं ठरवलं. काकांचे डोळे अधू आहेत, इतक्या वर्षांनी त्यांच्या तरी काय लक्षात असणार, असं मी स्वतःला समजावलं. काम सुबक झालं होतं. मी आईला हाक मारून दाखवलं.

आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली की लग्नाच्या हॉलच्या दारावर असतं तसं दिसतंय. आणि आत जाऊन तिने लाटणं टॉवेलमध्ये गुंडाळलं, नारळाच्या वड्यांचा डबा पिशवीत टाकला आणि चपला घातल्या. मी कुठे म्हणून विचारलं, तर म्हणाली घाटकोपरला, तुला यायचं तर ये.

काकांच्या घरी तिने पाणीसुद्धा घेतलं नाही. लाटणं टॉवेलातून काढून त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "भाऊ, हिची चूक नाही. हे मी घासलं."

काकांनी लाटणं खिडकीपाशी नेलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्यावरून अंगठा फिरवला, मग थोडं वळवून पुन्हा फिरवला. असं पूर्ण एक गिरकी होईपर्यंत. आम्ही दोघी उभ्याच होतो.

"ती लाली घरकारणीची होती," ते म्हणाले.

त्यांचे हात मागावरचे, जाड बोटांचे. ठिपके नीट बसेनात. तेव्हा ते गॅलरीत बसून बोल म्हणायचे आणि बायको आपल्या नेलपॉलिशने ठिपके द्यायची. लग्नात मिळालेली बाटली होती, एरवी ती कधी लावायची नाही. सगळी यानालाच संपली. हे ऐकताना मला खिडकीतून खाली उडी मारावीशी वाटत होती. बावीस मजले होते, जमलं असतं.

काकांनी लाटणं टेबलावर ठेवलं आणि शांतपणे सांगितलं की राहू दे. "मोडला म्हणान सांगतंय त्यांका."

आई तेव्हा खुर्चीत बसली. म्हणाली, "मोडलेलं नाही, घासलेलं आहे. मोडलं म्हणालात तर ते तुम्हाला हसतील. तुम्ही बोल म्हणा, मी ठिपके देते. रोज उंबऱ्यावर रांगोळी काढते मी, हात हलत नाही माझा."

 काकांनी सुनेला हाक मारली आणि घरात नेलपॉलिश आहे का विचारलं. सुनेने चार बाटल्या आणल्या, निळी, चंदेरी, गुलाबी आणि एक लाल. त्यांनी लाल उचलली.

बोल म्हणजे भजनाचा ठेका. हे मला तेव्हा कळलं. काका मंडळात पखवाज वाजवायचे आणि दिव्यांची चाल त्यांनी ठेक्यावरच बसवली होती. लाटण्याची एक गिरकी म्हणजे एक आवर्तन, आठ मात्रा. "धा" म्हणजे बाराच्या बारा पेटलेले. "गे"ला मधले चार विझलेले. असं एकेक मात्रा मांडीवर वाजवून ते सांगत गेले, मी पेन्सिलीने खुणा केल्या आणि आई ठिपके देत गेली. मध्येच थांबून ते डोळे मिटायचे, पुन्हा पहिल्यापासून वाजवायचे आणि पुढची मात्रा सांगायचे. एका ठिकाणी आईने ठिपका दोन रेघांच्या मध्ये दिला, तर मांडीवरचा हात न थांबवता त्यांनी मान हलवली आणि आईने तो नखाने खरवडला. दोन शनिवार लागले. वड्यांचा डबा पहिल्याच शनिवारी संपला. दुसऱ्या शनिवारी काका आईला म्हणाले, "वयनी, तुमचो हात बरो आसा," आणि आई लाजली. माझ्या आईला लाजताना मी आयुष्यात दोनदा पाहिलंय, त्यातलं हे एक.

मी माझी चिप काढून टाकली, जुन्यासारख्या वायरी ओढल्या आणि पत्र्या घासून बसवल्या. नाडी आईच्या परकराची, कोरी. मोटरीला दोन थेंब तेल दिल्यावर ती कुरकुर करत फिरायला लागली. पण यान उडवून पाहायला काकांनी नकार दिला. एकेक दिवा पेटतो का तेवढं मी सावकाश फिरवून पाहिलं. सावकाश फिरवल्यावर ते काहीच वाटत नव्हतं. एक दिवा इथे, तीन तिथे, मग काहीच नाही. मला मनातून भीती वाटली की काका आठवून सांगतायत खरं, पण ते त्यांना हवं तसं आठवतंय. तसं असलं तर आपण सगळ्यांसमोर त्यांचं हसं करणार आहोत. मी कोणाला बोलले नाही.

पूजेच्या दिवशी हॉलमध्ये शंभरेक माणसं होती. कथा झाली, आरती झाली. पॅनेल प्रसादाच्या टेबलाशेजारी ठेवलं होतं. त्याच्यामागे एक बुटकं स्टूल, स्टुलावर काका, हातात रेग्युलेटर. पॅनेल इतकं उंच की बसल्यावर त्यांना माणसं दिसत नव्हती आणि माणसांना ते. चेअरमन शिऱ्याचं स्टीलचं ताट हातात घेऊन पुढेच उभे होते. ते म्हणाले की चला मंडळी, आता काका आपल्याला अवकाशात नेणार. मागे काही जण हसले. हॉलचे दिवे मालवले.

मोटर कुरकुरली आणि दिवे सुरू झाले. एक इथे, तीन तिथे. मुलं जरा पुढे आली. कोणीतरी फोनवर बोलत होतं ते बोलतच राहिलं. मी आईचा हात धरला होता. 

काकांनी रेग्युलेटर वाढवला. भजनात गजर चढतो तशी लय चढू लागली. सुटे सुटे दिवे एकमेकांना चिकटले आणि त्यांची एक चाल झाली. काय होतंय हे कळायच्या आधी माझ्या उजव्या हाताची बोटं माझ्या गुडघ्यावर चालायला लागली होती. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. त्यांना सगळं येत होतं. पहिली पाच, मग अडखळल्यासारखी एक, मग दोन जोडून. चौथीच्या वर्गातलं बाक, त्यावर कोरलेली नावं, शेजारणीच्या वेणीची रिबीन, सगळं माझ्या बोटांखाली आलं.

आणि आवाज फक्त माझा नव्हता. डावीकडे प्लास्टिकच्या खुर्चीच्या पाठीवर कोणीतरी वाजवत होतं. मागच्या रांगेत एक बाई पर्सवर. चाळिशी-पन्नाशीची सगळी माणसं, एकमेकांकडे न बघता. सर्वात मोठा आवाज पुढून येत होता. चेअरमनच्या हातातल्या ताटावर त्यांची बोटं पडत होती आणि ते स्वतःच आपल्या बोटांकडे चकित होऊन बघत होते. शिरा हलत होता. लय आणखी चढली. मुलं आपल्या आईबापांकडे बघायला लागली.

मग, त्या झाडून सगळ्या हातांनी एकदम मांडीवर थाप मारली आणि त्याच क्षणी बाराही दिवे विझले. काकांना आम्ही दिसत नव्हतो. आम्हाला काका दिसत नव्हते. कोणी कोणाला खूण केली नव्हती.

हॉलमध्ये पूर्ण अंधार होता. मी रडत होते आणि मला खूप छान वाटत होतं.

हॉलचे दिवे लागले तेव्हा चेअरमन ताट टेबलावर ठेवून पॅनेलच्या मागे गेले होते. आम्ही दोघीही गेलो. ते काकांच्या स्टुलासमोर खाली बसले होते, कडक इस्त्रीच्या झब्ब्यासकट, जमिनीवर.

"काका," ते म्हणाले, "चौथीत या थापेसाठी मी पट्ट्या खाल्ल्यात."

काकांचा हात अजून रेग्युलेटरवर होता. त्यांनी चेअरमनकडे नीट पाहून घेतलं. "मगे सांग," ते म्हणाले, "आता यान खंय पार्क करूया?"

यान तिथेच राहिलं, त्यांच्या हॉलमध्ये, आणि मी नाडी बदलायला अधूनमधून जाते. माझ्या खोलीतल्या रिकाम्या जागेत आता यंत्रमानवाचा हात ठेवलाय, तेव्हा गॅसवाल्याचीही सोय झाली. त्या दिवशी घरी आल्यावर आईने प्रसादाचा डबा घासला, चहाचं पातेलं घासलं, मग बेसिनपाशी हात घासले. तिच्या डाव्या अंगठ्याच्या नखावर लाल नेलपॉलिशचा एक ठिपका राहिला होता. मी म्हटलं, रिमूव्हर आणून देते. ती म्हणाली, असू दे.